म्हाताऱ्या ओकची मनधरणी

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, शिसवाचा तुकडा चढवला की तो मुकाट्याने कातून घेतो. बॉग ओक चढवला की तो आपल्यालाच कातायला घेतो.

इंग्लंडच्या पूर्वेला फेन्स नावाचा सखल मुलूख आहे. तिथल्या पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धकुजक्या झाडपाल्याच्या, चिखलात साधारण पाच हजार वर्षं आडवा पडलेला ओक म्हणजे हा महाभाग. हवा लागली नाही म्हणून कुजला नाही, आणि पाण्यातलं लोह ओकच्या टॅनिनमध्ये, म्हणजे त्याच्यातल्या तुरट द्रव्यात, मुरत गेल्याने काळाठिक्कर पडला. हिरडा आणि हिराकस मिळून शाई होते ना, तीच करामत. फक्त दौतीऐवजी अख्खं झाड. याला जीवाश्म म्हणू नये. आपल्याकडे गडचिरोलीत सिरोंच्याच्या बाजूला सापडतात ते खरे अश्मीभूत ओंडके, त्यांचा दगड झालाय. त्यांना पटाशी लावलीत तर झिजेल ती पटाशी. बॉग ओक अजून लाकूड आहे, आणि लाकडाचे सगळे नखरे त्याने शाबूत ठेवलेत.

खरं दुखणं वाळवण्याचं. पेशींच्या भिंती जुनाट, आत पाणी ठासलेलं; ते भराभर निघालं की भिंती मिटतात आणि तुकडा उभा-आडवा तडकतो. त्याच भागातल्या नॉरफोकमध्ये 2012 साली सापडलेल्या 13 मीटरच्या ओंडक्याच्या फळ्या खास भट्टीत महिनोन्महिने वाळवल्या, तेव्हा कुठे त्यांचं टेबल होऊन 2022 साली ईली कॅथिड्रलमध्ये गेलं. आपल्याकडे भट्टी नसते, कपाटावरचा कोपरा असतो. तेव्हा ओंडक्याच्या टोकांना मेण फासायचं आणि लाकूड ओलं असतानाच त्याची वाटी जाडजूड कातायची. 150 मिमी व्यासाच्या वाटीला इतर लाकडात 15 मिमीची भिंत पुरते. इथे मी 20 ठेवा म्हणेन. मग तिच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. बाळंतिणीचीही कुणी एवढी वजनं घेत नाही. महिनाभर आकडा हलला नाही, की वाळली. ओल्या कातकामानंतर लेथचं लोखंडी बेड लगेच पुसा, नाहीतर मघाचीच शाई तिथेही तयार होते.

वाळताना आकसून आता वाटी गोल राहिलेली नसते. आधी चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा बुडाचा खुंट गोल करायचा, मिनिटाला 500-600 फेऱ्यांवर. सगळी नीट फिरायला लागली की 1,000. भेगांत पाच हजार वर्षांची बारीक रेती बसलेली असते, त्यामुळे धार मिनिटांत जाते. बोथट पटाशीने जोर लावू नका, कडेचा टवका उडतो. लेथ बंद करा, सहाणेकडे जा, परत या. दिवसभर हेच.

पॉलिश पेपर 120 ते 400, मधला एकही नंबर न गाळता, कारण काळ्या रंगावर प्रत्येक ओरखडा ओरडून सांगतो. पेपर हाताला गरम लागला की थांबायचं. उष्णतेने केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या नेमक्या तेल लावल्यावर दिसतात. मोठ्या भेगेत याचाच भुसा दाबून वर पातळ सुपरग्लू सोडायचा. त्याआधी आजूबाजूला सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) लावायला विसरलात तर डाग कायमचा मुक्कामाला. मास्क हवाच. तरी संध्याकाळी नाक शिंकरलं की कोळशाच्या खाणीतून आल्यासारखं वाटतं.

शेवटी तेलाचे दोन पातळ हात, बस्स. चकाकी वाढवण्याचा मोह आवरा. फार चमकली की पाहुणे वाटी उलटी करून, नखाने टिचकी मारून विचारतात, “बेकेलाइट का हो?”