घरात माणसं किती?

फ्रिज विकत घेताना गिऱ्हाइकाने घरची माणसे मोजावीत, हे मला मान्य आहे. मात्र ती मोजण्याचा अधिकार दुकानात गारव्याला येऊन बसलेल्या परक्या गृहस्थाला कोणी दिला, हे मला अजून उमगलेले नाही.

जुन्या फ्रिजने ऐन मे महिन्यात मान टाकली, म्हणून आम्ही उभयता लातूरच्या बाजारपेठेतील एका दुकानात गेलो. मी तयारीने गेलो होतो. चौघांना साधारण अडीचशे लिटरांचा फ्रिज पुरतो. साध्या एकदारी फ्रिजमधला बर्फ अधूनमधून आपणच वितळवावा लागतो, तर फ्रॉस्ट फ्रीमध्ये ते काम आतला हीटर परस्पर करतो आणि त्याची वीज आपल्याकडून घेतो. आणि लेबलावर नुसत्या चांदण्या न मोजता वर्षाकाठी किती युनिट लागतील तो आकडा वाचावा, कारण चांदण्यांचे निकष वेळोवेळी कडक होत जातात, हे सारे मी वहीत टिपून नेले होते. ती वही उघडण्याची वेळच आली नाही.

कूलरची मोटार दुरुस्त होईपर्यंत टेकलेले धोतर-टोपीतले एक मामा उठले आणि आमच्या व विक्रेत्या मुलाच्या मधोमध येऊन उभे राहिले. समोरच्या दोनदारी फ्रिजचे दार उघडून त्यांनी खांद्यापर्यंत मान आत घातली, काही काळ ती तिथेच ठेवली आणि बाहेर येऊन निकाल दिला, “हे गार नाही.”

“मामा, बंद आहे तो.”

“मग गिऱ्हाइकाला दाखवायलाव काय? कपाट?”

हा प्रश्न खरे तर माझाच होता, पण तो त्यांनी विचारला आणि त्या क्षणापासून दुकान त्यांचे झाले.

“घरात माणसं किती, सर?”

“चार.”

“अन् उरतंय किती?”

मला काही कळेना. त्यांनी फोड करून सांगितली, “रातची भाजी उरती का? वरण उरतंय का?” घरच्या गोष्टी घरातच ठेवाव्यात असे मला नेहमी बजावणाऱ्या माझ्या पत्नीने भर दुकानात प्रामाणिकपणे उत्तर दिले, “फारसं नाही उरत, मामा.”

“मग हे दोनशे चाळीस लिटरचं कशाला? एवढं पाणी तरी बसतंय का ह्यात?”

दुसऱ्या गावात या प्रश्नावर हशा पिकला असता. परंतु २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात लिटर म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर दुसरे काय येणार? आमच्याही फ्रिजमध्ये अन्नापेक्षा पाण्याच्या बाटल्याच अधिक असतात, हे मी उघड बोललो नाही.

इतक्यात मुलाने इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे गुण सांगायला घेतले. मामा म्हणाले, “म्हणजे लाईट गेली तरी चालतंय.” मी समजावले की तसे नसते, हा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालू-बंद होत न राहता गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्याने वीज वाचते, पण वीजच नसेल तर तोही थांबतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, कोणता विषय शिकवता?”

“मराठी.”

सगळ्या दुकानाने सुटकेचा निःश्वास टाकला. “मामांचं बरोबर आहे, सर,” मुलगा म्हणाला.

मामांचा मला राग नाही, त्यांना माहीत नव्हते. त्या मुलाला माहीत होते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजवर २०१० पासून सक्तीचे असलेले वीजवापराचे लेबल त्याने सवलतीच्या चकचकीत कागदाखाली झाकले होते, आणि तो कागद मी उचलू लागताच “सर, फाटेल” असे मलाच सुनावले. भर दुपारी न सांगता वीज जाते, येताना दाब इतका वरखाली होतो की दिवे डोळे मिचकावतात, त्यासाठी स्टॅबिलायझर वेगळ्या पैशांनी गळ्यात मारला जातो, आणि वर कोणी खोटे ऐकून आनंदाने फ्रिज नेत असेल तर त्याला नेऊ द्यायचे, याला व्यापार म्हणतात.

फ्रिज आम्ही दोनशे चाळीस लिटरांचाच घेतला. तेवढ्यापुरता मी जिंकलो. मला साधा करडा रंग हवा होता. पण बिल होत असताना मामांनी “ताई, लाल घ्या, हळदीचे हात दिसत नाहीत” असे सुचवले, आणि घरी मोठाल्या पांढऱ्या फुलांचा लाल फ्रिज आला. हळदीचे हात त्यावर स्वच्छ दिसतात.