रात्रीचं कोल्हापूर बघायचं तर पेठेपेठेनं बघा

'कोल्हापुरात नाईटलाईफ नाही' असं पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आपलीच पोरं म्हणायला लागली की मला मनापासून राग येतो. पब नाहीत म्हणून काय गाव नऊला झोपतं? तुम्ही सुट्टीला येता, तांबडा-पांढरा ओरपता आणि गाडी काढून जाता, मग रात्र दिसणार कुठून.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर जरा उभं राहून बघा. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या, तुमच्या डोळ्यासमोर धार काढणार, धार थेट ग्लासात, वर दोन बोटं फेस आणि ग्लास हातात आला की कोमट लागतो. तालमीतली पैलवान पोरं एकामागून एक ग्लास रिचवत असतात, बाजूला स्कूटीवरून आलेलं जोडपं, एखादे आजोबा नातवाला घेऊन आलेले आणि नातवाला पांढऱ्या मिशा फुटलेल्या. रात्री दुधासाठी एवढी गर्दी करणारं दुसरं गाव दाखवा की!

तिथनं महाद्वार रोडनं आत या. शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी असते आणि नवरात्रात अष्टमीला देवी स्वतः नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते, त्या रात्री रांगोळ्या, फुलं, माणसं... लय भारी वाटतं.

पेठांची रात्र मात्र फुटबॉलची. पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळ या पेठांतल्या फुटबॉल संघांची मॅच मैदानावर संपते खरी, पण कट्ट्यावर ती रात्री परत खेळली जाते, कुणी पास कुणाला द्यायला पाहिजे होता यावर आवाज चढतात. २०२२ ला अर्जेंटिना वर्ल्डकप जिंकली त्या रात्री तर फटाक्यांनी झोप नव्हती आणि कुणाची तक्रार पण नव्हती.

खासबागकडं गेलं की मला गप्प व्हायला होतं. शाहू महाराजांचं १९१२ चं कुस्ती मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे जुनं पॅलेस थिएटर. नाटक सुटल्यावर खाऊगल्लीत भेळ खात त्याच नाटकावर वाद घालणं हीच कित्येक घरांची रात्रीची चैन होती. ८ ऑगस्ट २०२४ ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह जळालं. लोक रस्त्यात उभं राहून रडले. ते फक्त बांधून चालणार नाही, रात्रीचे प्रयोग पहिल्यासारखे व्हायला पाहिजेत.

राजारामपुरीत आईस्क्रीम आणि कॅफे, ताराबाई पार्कात हॉटेलं, ते कुठल्याही शहरात मिळतं. रंकाळा तेवढा वेगळा. जेवणं उरकून अख्खं घर चौपाटीवर, पाण्यावरनं वारं, पलीकडं शालिनी पॅलेस, आणि भेळेत कैरी असली तर विचारूच नका.

आता मला खरं जे बोलायचंय ते. या सगळ्यात बाई कुठं दिसते? रंकाळ्यावर दिसते, देवळात दिसते, म्हणजे घरच्यांबरोबर. तालमीच्या कट्ट्यावर दहा वाजता चार बायका नुसत्या गप्पा मारत बसल्यात असं तुम्ही कधी बघितलंय? आम्ही मैत्रिणी मिरजकर तिकटीला चहा पीत उभ्या राहिलो तर 'काय झालं ताई, गाडी बंद पडली का' असं विचारतात, चांगल्या मनानंच विचारतात, पण बाई रात्री उगीच पण थांबू शकते हे डोक्यातच येत नाही! माझ्या आईचा जन्म शिवाजी पेठेतला, सगळं आयुष्य तिथंच गेलं आणि दूध कट्ट्यावर ती रात्री एकदाही गेलेली नव्हती. परवा नेलं. पूर्ण ग्लास प्याली आणि म्हशीचा भाव विचारत बसली.

त्यामुळं नाईटलाईफसाठी पब मागणाऱ्यांनी आधी रंकाळ्याच्या सगळ्या बाजूला चांगले दिवे मागा, रात्री उशिरापर्यंत राजारामपुरी आणि पेठांकडं जाणारी बस मागा, खाऊगल्लीजवळ बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट मागा. आणि मंडळाच्या पोरांनो, पुढच्या मॅचनंतर कट्ट्यावर बहिणीला पण घेऊन या, फुटबॉल तिला पण कळतो.