पाव गाडी, अर्धी गाडी

गेली अकरा वर्षं मी सकाळची आठ सतराची गाडी पकडतो. खरं म्हणजे तीच मला पकडते. मी नुसता फलाटाच्या पार टोकाला, शेवटच्या डब्याचं दार जिथे येतं तिथे उभा राहतो; आत ढकलण्याचं काम मागची मंडळी निष्ठेने करतात. शेवटचाच डबा का, तर उतरल्यावर जिना बरोब्बर समोर येतो. अकरा वर्षांत मी एवढं एकच शास्त्र आत्मसात केलं आहे.

मग दाढ दुखायला लागली. दंतवैद्य म्हणाले, रूट कॅनॉल, पाच बैठका, दर मंगळवारी दुपारी अडीच वाजता. सकाळी आमच्याकडे दर चार मिनिटांनी गाडी असते. त्यामुळे दुपारीही ती असेलच, फक्त जरा मोकळी, अशी माझी भाबडी समजूत होती.

पहिल्या मंगळवारी एक वाजून चार मिनिटांनी मी जिना उतरलो. एक तीनची गाडी माझ्यासमोरून निघून गेली. इंडिकेटरवर पुढची वेळ आली २:०३. मला वाटलं, इंडिकेटर बिघडलाय. इंडिकेटर अगदी ठणठणीत होता. ठणकत होती ती दाढ.

तासाला एक गाडी असेल तर वेळापत्रक न बघता येणाऱ्याला सरासरी तीस मिनिटं थांबावं लागतं, असं गणित सांगतं. गणिताबद्दल मला आदर आहे, पण ही सरासरी माझ्या वाट्याला कधी आलेली नाही. मला एकोणसाठ मिनिटंच येतात. दुसरा कुणीतरी कुठेतरी एका मिनिटात गाडी पकडत असणार, आणि आमच्या दोघांची सरासरी तीस होत असणार.

बायकोचा फोन आला. "अहो, पोचलात का?"

"स्टेशनवर आहे."

"उतरलात?"

"अजून चढायचंय."

दोन तीनला गाडी आली. ऐटीत, बारा डब्यांची, लग्नाच्या वरातीसारखी लांब; फक्त वऱ्हाडी नव्हते. माझ्या डब्यात मी, एक झोपलेले गृहस्थ आणि एक छत्री. छत्री कुणाचीच नव्हती. पुढच्या डब्यात डोकावलो तर तिथे छत्रीसुद्धा नव्हती. इतकं लोखंड, इतकी वीज, आणि त्यात एक दाढ वाहून नेली जात होती.

दुसऱ्या मंगळवारी मी दोन गोष्टी केल्या. पिशवीत एक सातशे पानांची कादंबरी टाकली आणि स्टेशनमास्तरांना गाठलं.

"मास्तर, बारा डबे तासातून एकदा सोडण्यापेक्षा तीन-तीन डबे चारदा सोडले तर? डबे बाराचे बाराच."

"डबे बाराच," मास्तर म्हणाले. "मोटरमन किती?"

"चार."

"गार्ड?"

"चार."

"बसा मग."

मी बसलो. मास्तर भले गृहस्थ, शिवाय दुपारी त्यांनाही बोलायला कुणी नसतं. त्यांनी समजावलं की, पगाराला डबे दिसत नाहीत. तीन डबे ओढा की बारा, मोटरमन एकच लागतो. गाडी छोटी केली की विजेत आणि चाकांच्या झिजेत थोडं वाचतं, बाकी खर्च जागच्या जागी. त्यात सकाळची गर्दी ओसरल्यावर रेक (जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी) तोडायचा म्हणजे यार्डात मोकळा रूळ हवा, शंटिंगला, म्हणजे डबे पुढे-मागे हलवायला, माणसं हवीत, प्रत्येक तुकड्याचा ब्रेक तपासायला हवा. आणि पाचच्या आत सगळं पुन्हा जोडायचं. "त्यातले तीन डबे दुसऱ्या टोकाला अडकले, तर पाच वाजता माझी कॉलर कोण धरणार? तुम्हीच." हे मात्र खरं होतं. मीच धरली असती.

"आणि मुळात दुपारी माणसंच नाहीत हो," त्यांनी शेवटचा घाव घातला.

घरी आलो तो अर्धा गाल बधिर आणि डोकं तापलेलं. झोप येईना, म्हणून वाचत बसलो. (रेल्वेबद्दल रात्री दोन वाजता वाचणारा माणूस आपण होऊ असं कधी वाटलं नव्हतं. दाढ माणसाला कुठल्या कुठे नेते.) तर गाडी हवी तेवढी लांब-आखूड करण्याची युक्ती जुनीच निघाली. फ्रँक स्प्रेग नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 1897 मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी ती करून दाखवली: डब्याडब्यात मोटर, आणि सगळ्या मोटरी एकाच माणसाच्या हातात. पुढे इंजिन जुंपायची भानगडच संपली. 1903 साली कार्ल शार्फेनबर्ग या जर्मन गृहस्थांनी डबे आपोआप जोडणाऱ्या कपलिंगचं पेटंट घेतलं. आज तिच्या सुधारित आवृत्तीत डबे एकमेकांना हलकेच टेकले की हवेच्या नळ्या आणि विजेच्या ताराही जुळतात. आमच्या घरात दोन सख्खे भाऊ इतक्या सहज जुळत नाहीत.

पण मला खरा लळा लागला तो बर्लिनचा. तिथल्या उपनगरी गाडीत दोन डब्यांच्या जोडीला चक्क 'पाव गाडी' म्हणतात. चार डब्यांची अर्धी, सहाची पाऊण, आठची पूर्ण. गर्दी बघून मापाने गाडी द्यायची! तिकडे दूध मोजल्यासारखी गाडी मोजतात आणि इथे मी एकटा अख्खा पिंप अंगावर घेतोय.

अर्थात छोटं म्हणजे हलकं-फुलकं, असं समजायचं कारण नाही. ब्रिटनने 1980 च्या दशकात कमी गर्दीच्या मार्गांसाठी 'पेसर' नावाच्या गाड्या काढल्या. बसच्या धर्तीचा सांगाडा आणि खाली प्रत्येक डब्याला फक्त चार चाकं. वळणावर त्या अशा किंचाळायच्या की आतल्याला आपलं काही चुकलंय असं वाटावं. तात्पुरती सोय म्हणून आलेल्या त्या गाड्यांतल्या शेवटच्या 2021 पर्यंत धावल्या. स्वस्तातली गोष्ट लवकर मोडत नाही, हे तिचं सगळ्यात वाईट.

तिसऱ्या मंगळवारी मी दारूगोळा घेऊनच गेलो. "मास्तर, हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1972 मध्ये मांडून ठेवलंय. प्रवासी थांबतो, तो वेळही वाहतुकीचा खर्चच. माणसं वाढली की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की सगळ्यांचंच थांबणं कमी होतं. माझी एकोणसाठ मिनिटं तुमच्या कुठल्या वहीत लिहिता?"

"आमच्या वहीत तसा रकाना नाही," मास्तर शांतपणे म्हणाले.

"आणि माणसं नाहीत म्हणून गाडी नाही, की गाडी नाही म्हणून माणसं नाहीत?"

मास्तरांनी फलाटाकडे पाहिलं. फलाटावर मी होतो आणि एक कुत्रा होता. कुत्रा प्रवासी नव्हता. "स्वित्झर्लंडने 1982 मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडायचं वेळापत्रक लावलं," मी पुढे म्हणालो. "तासाला एक तरी गाडी, दर तासाला त्याच मिनिटाला."

"आमचीही तासाला एकच आहे," मास्तर म्हणाले, आणि मला एकदम आठवलं की खरंच आहे. दर तासाला, तासाच्या वर तीन मिनिटांनी. दाढदुखीत स्वतःवरच गोल कसा चढवावा, हे मी तिथे शिकलो. त्यानंतर मी कादंबरी वाचली. पान दोनशे बारावर दिवाणजी कंदील घेऊन माडीचा जिना चढायला लागले, आणि गाडी आली.

चौथ्या मंगळवारी फलाटावर पाटी: 'प्रायोगिक तत्त्वावर, दुपारी दर पंधरा मिनिटांनी, तीन डब्यांची गाडी.' मला भरून आलं. माझ्या दाढेची अशी दखल कुणी घेतली नव्हती. मास्तर म्हणाले, हे वरून सहा महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. मी त्याकडे दुर्लक्ष केलं आणि सवयीने फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिलो.

गाडी आली ती मधोमध थांबली. तीन डबे म्हणजे फलाटाचा पाव हिस्सा. टोकाला मी आणि माझं अकरा वर्षांचं शास्त्र. पळालो. कसाबसा चढलो, तर डब्यात बसायला जागा अगदी कमी! एवढी माणसं आतापर्यंत दुपारी होती कुठे? एका आजींनी सरकून जागा दिली आणि म्हणाल्या, "दमलात. पुढची होती की पंधरा मिनिटांनी." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

परतीला तेच. त्या स्टेशनवरही मी टोकाला, गाडी मधोमध, आणि आता तर अर्धं तोंड बधिर. "थांबा, थांबा!" असं मी ओरडलो, बाहेर पडलं ते "फांफा, फांफा!" खिडकीतून गार्डने माझ्याकडे पाहिलं, मला कुणी तरी ओळखीचं समजून हात हलवला, आणि गाडी गेली.

बाकावर बसून कादंबरी उघडली. दिवाणजींनी तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला, कंदील जरा वर धरला, वरून कसलासा आवाज आला, आणि पुढची गाडी येऊन उभी राहिली. दीड पान!

पाचव्या बैठकीनंतर दाढ गप्प झाली. उजवीकडची एक जरा हलतेय असं मी दंतवैद्यांना सुचवून पाहिलं. त्यांनी आरसा घालून बघितलं, काही नाही म्हणाले. दिवाणजी अजून जिन्यावरच आहेत.