चा-ची-चे आणि ‘आहे’

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

भावाची मुलगी पाचवीत आहे, चांगल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, वहिनी मला घरात घ्यायची नाही. पोरीने वहीत लिहिलं होतं, ‘द डॉग वॅग्ड इट्स टेल’. आय-टी-एस, मध्ये काही नाही. शंभर टक्के बरोबर. टीचरने लाल पेनाने टी आणि एसच्या मध्ये वरचा कॉमा ठोकला, अर्धा मार्क कापला आणि शेरा मारला, ‘बी केअरफुल’. आता त्या वाक्याचा अर्थ काय झाला? कुत्र्याने हलवलं ‘ते आहे शेपूट’.

माझे बाबा म्हापशात दुकानांचे बोर्ड रंगवायचे. शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी अक्षरं ते चित्रासारखी काढायचे, अर्थ कळायचा नाही. एकदा कळंगुटच्या एका हॉटेलवाल्याने चिठ्ठी दिली, ‘नोन फॉर इट्स फिश करी’, आणि त्या इट्सच्या पोटात वरचा कॉमा. बाबांची सवय होती, इंग्रजी मजकूर आधी गावच्या मराठी शाळेतल्या मास्तरांना दाखवायचा. मास्तर म्हणाले, "हे हॉटेल ‘त्याच्या’ हुमणासाठी प्रसिद्ध, असं म्हणायचंय ना? त्याच्या म्हणजे चा-ची-चे आलं. कॉमा पूस. ‘आहे’ आलं असतं तर ठेवला असता."

इतकंच आहे हो! मनात मराठी करायचं. ‘इट्स रेनिंग’, पाऊस पडतो आहे, कॉमा द्या. ‘इट्स स्टॉप्ड’ म्हणजे थांबला आहे, इथे इज नाही, हॅज गाळलंय, पण मराठीत आहे ते आहेच. युअर हाऊस, तुझं घर, सरळ वाय-ओ-यू-आर. तू उशिरा आला आहेस म्हणायचं तर यू आणि आरई यांच्या मध्ये कॉमा. हूज स्कूटर, कोणाची स्कूटर, डब्ल्यू-एच-ओ-एस-ई. दारात कोण आहे विचारायचं तर हू, कॉमा, एस. त्यांचं घर म्हणजे देअर हाऊस, टी-एच-ई-आय-आर, आणि ते येत आहेत म्हणायचं तर दे, कॉमा, आरई, तिथेही तेच. (तिसरं देअर म्हणजे ‘तिथे’, त्याचा या भांडणाशी संबंध नाही.) मराठी येणारं कुठलंही पोर ‘कोणाचं’ आणि ‘कोण आहे’ यात गोंधळत नाही. पण इंग्रजी शाळेत मराठी मनातसुद्धा आणायची नसते ना!

हां, नामाला मात्र कॉमा लागतो. ‘द डॉग्ज टेल’मध्ये चा-ची-चे असूनही लागतो. टीचरचा घोळ तिथेच झाला असणार, मान्य. पण हिज, हर्स, अवर्स यांना कधी कोणी कॉमा लावतं का? इट्स त्यांच्याच पंगतीतलं सर्वनाम. (‘वन’च्या ‘वन्स’ला लागतो, माहीत आहे मला. कमेंटमध्ये शहाणपणा नको.)

२०११ साली गोवा सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा आपण किती ओरडलो होतो, आठवतं ना? आपल्याला वेड्यात काढलं. मुलांचं भविष्य म्हणे! घ्या भविष्य. मराठी शाळांना कुलपं लागली, आणि ज्या इंग्रजीसाठी हे सगळं केलं तिचं बरोबर वाक्य लाल शाईने चुकीचं करून घरी पाठवतात. बाबांना इंग्रजीत नाव सांगता यायचं नाही धड, पण त्यांच्या हातून चुकीचा कॉमा गेला नाही. हॉटेलवाला बोर्ड बघून म्हणाला, "कॉमा खंय गेलो? लाय रे, बरें दिसता." बाबांनी नाही लावला. त्याने थोडे पैसे कापले आणि स्वतः स्टुलावर चढून लाल रंगाने लावला. ओघळ आला खालपर्यंत.

बरं, ती टीचर. वहिनी म्हणते पंचविशीतली पोर आहे, कंत्राटावर, वह्यांचे गठ्ठे घरी नेते. तिच्यावर राग धरवत नाही मला. तिला कोणी मास्तर भेटले नसतील. खुद्द इंग्रजच सतराव्या-अठराव्या शतकात मालकीच्या इट्सलाही कॉमा द्यायचे, मग तिला काय बोलणार? आणि इंग्लंडात जॉन रिचर्ड्स नावाच्या गृहस्थांनी २००१ साली या कॉमाच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी ती बंद करायचं जाहीर केलं. अज्ञान आणि आळस जिंकला म्हणाले. पुढे दुसऱ्यांनी ती परत चालू केली, तो भाग वेगळा.

पण ‘बी केअरफुल’? तो शेरा काही केल्या गिळवत नाही.

ऑक्टोबरात किनाऱ्यावर शॅक, म्हणजे हंगामी हॉटेलं, उभे राहतील, नवे बोर्ड लागतील. कोणाच्या ओळखीत पेंटर असेल तर त्याला चा-ची-चे सांगा. फ्लेक्सवाल्याला आधी सांगा, कारण मोबाईलवरून मजकूर पाठवला की कॉमा मोबाईलच घालतो, आणि हा न वाचता दहा फुटांवर छापतो.