शमुवेल म्हणजे 'देवाने ऐकलं' नव्हे

बाळांच्या नावांच्या यादीत 'सॅम्युएल' (म्हणजेच मराठी बायबलमधला शमुवेल) या नावापुढे हमखास 'देवाने ऐकलं' असा अर्थ दिलेला असतो. कानाला गोड, पण अक्षरं साथ देत नाहीत.

हिब्रूत हे नाव पाच अक्षरांचं: शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. 'ऐकणे'चा धातू शीन-मेम-आयिन. या नावात आयिन कुठे आहे? 'देव ऐकतो' हवं असेल तर इश्माएल बघा, तिथे तो जागेवर आहे. देवनागरीत आयिनला अक्षरच नाही, म्हणून फरक दिसत नाही आणि घोटाळा होतो.

खुद्द बायबल तिसरंच सांगतं. १ शमुवेल १:२० मध्ये त्याची आई हन्ना म्हणते, मी याला परमेश्वराकडे मागून घेतलं. 'मागणे'चा धातू शीन-आलेफ-लामेद. तो शमुवेलला ओढूनताणून लागतो, इस्राएलचा पहिला राजा शौल याला मात्र चपखल बसतो: हिब्रूत शाऊल म्हणजे 'मागितलेला'. २८व्या वचनात तर नेमका हाच शब्द येतो. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ही जन्मकथा मुळात शौलाची. मला ते पटत नाही. बायबलमधली नावांची फोड बरेचदा नुसत्या ध्वनिसाम्यावर चालते, आणि इथे लेखक पुढच्या राजाची चाहूल देतोय. व्याकरणाला धरून फोड करायची तर शेम (नाव) + एल (देव). मधला 'उ' जुना प्रत्यय की 'त्याचं', यावर वाद आहे.

ग्रीकमध्ये 'श' नाही, म्हणून युरोपात सामुएल, सॅम्युएल झालं. मराठी बायबलने हिब्रूचा 'श' राखला.

कोकणातल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, तर त्याचं सरळ 'सामाजी' केलं, जसं अब्राहामचं आबाजी. १७९६ मध्ये मुंबईचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर आणि सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे एकच गृहस्थ. वंशावळ शोधणारे इथेच फसतात, एका माणसाचे दोन करतात. त्यात गावावरून आलेलं आडनाव (दिवेकर, दिवे गावचे) गाळून नुसतं वडिलांचं नाव लावलेलं असलं की संपलंच. अशा वेळी केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, मिळतो का बघा. त्यात नाव हिब्रू वळणाने असतं: शेमुएल बेन येहेज्केल.