घरमालक, आठ बाय आठ

१९८२ साली इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला आणि तिथली शाळकरी पोरं आपापल्या खोलीचं दार लावून गेम लिहायला बसली. मॅथ्यू स्मिथने ‘मॅनिक मायनर’ लिहिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. या मंडळींचं कर्तृत्व मला मान्य आहे. आक्षेप आहे तो ‘खोलीचं दार लावून’ याला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, आणि दार लावलं की आजी आतून ‘कोण गेलं रे बाहेर?’ असं विचारायची.

शिवाय स्मिथने तो गेम लिहिला टीआरएस-८० वर, म्हणजे दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. लिहायला एक आणि चालवायला एक! आमच्याकडे मामाने लंडनहून आणलेला एकुलता एक, रबरी बटणांचा, ४८ के मेमरीचा. त्याला स्वतःचा पडदा नाही, त्यामुळे बाहेरच्या खोलीतल्या शटरवाल्या टीव्हीवर गुजराण. तो टीव्ही रविवारी सकाळी रामायणाचा, संध्याकाळी बातम्यांचा, पाहुणे आले की पाहुण्यांचा. उरलेला माझा. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग बसतात, त्यामुळे एका रंगाचा वीर दुसऱ्या रंगाच्या भिंतीपाशी गेला की भिंतच रंग बदलते, अशी तिकडे सगळ्यांची रड होती. आम्हाला हा त्रास कधी झाला नाही. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.

शिकायचं कुठून? अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात इंग्रजी कॉम्प्युटर मासिकं सापडत. त्यात अख्खे गेम छापलेले असत आणि ते आपण हाताने टाइप करायचे. पहिल्या काही ओळी बऱ्या, पुढे पानभर नुसते आकडे. ताई रामरक्षेच्या चालीत वाचायची, ‘चोवीस, साठ, एकशेसव्वीस, दोनशेपंचावन्न...’ आणि मी बटणं दाबायचो. आजीला काही कळत नसे, पण एकूण सूर ऐकून ती हात जोडायची. एवढं करून गेम चालत नसे, कारण छपाईतच एखादा आठ तीन झालेला असे. ‘चुकीबद्दल दिलगीर आहोत’ हे पुढच्या अंकात येई, आणि पुढचा अंक कुणी रद्दीत घातलेलाच नसे.

टाइप केलेलं जपायचं ते कॅसेटवर. आईच्या नाट्यगीतांच्या कॅसेटवर घरात कडक पहारा असल्यामुळे माझ्यासाठी वेगळी, घासून पांढरी पडलेली एक होती. गेम परत चढवताना टेपमधून जी किंचाळी निघे, ती मोठा गेम असेल तर पाच-पाच मिनिटं चाले. तेवढा वेळ पडद्याच्या कडेने पट्टे धावत आणि घरात कुणी जोरात चालायचं नाही असा माझा हुकूम असे, जो कुणीही पाळत नसे. आवाज जरा कमी झाला तर चढत नाही, जरा जास्त झाला तरी नाही. ताईने तिच्या नेलपॉलिशने टेपच्या बटणावर नेमकी खूण करून दिली होती. एवढं सांभाळून शेवटच्या क्षणी पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’. मग हेडला स्पिरिटचा बोळा, बारीक स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, आणि पुन्हा किंचाळी. शेजारच्या काकू आईला एकदा हळूच विचारून गेल्या, ‘त्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवलंत का?’

स्पेक्ट्रमच्या एकेका बटणावर अख्खी आज्ञा असते. ‘एस’ दाबलं की ‘सेव्ह’ उमटतं आणि त्याच्या शेजारच्या ‘ए’वर ‘न्यू’. न्यू म्हणून एन्टर दाबलं की मेमरी साफ. माझ्या आत्तेभावाने ते दाबलं. ‘नवीन मिळत होतं, म्हणून घेतलं,’ असं त्याने नंतर शांतपणे सांगितलं.

तर या सगळ्यातून मी स्वतःचा गेम लिहिला. वाड्यातल्या आंब्याखाली एक मुलगा कैऱ्या गोळा करतो आणि घरमालक त्याला पकडायला येतात. घरमालक आठ बाय आठमध्ये बसवायचे होते. गणिताच्या आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवायचे, प्रत्येक ओळीचा एक आकडा काढायचा. टोपीचे आकडे मला आजही पाठ आहेत: ६०, १२६. काठीला जागा उरली नाही.

खरे घरमालक, म्हणजे आप्पा, यांच्याशी माझं वैर पाण्याच्या मोटरवरून होतं. ते संध्याकाळी मोटर लावत, वाड्यातले दिवे क्षणभर मान टाकत आणि माझा सगळा प्रोग्राम जाई. पण ते एकदा भाडं न्यायला आले, ते टीव्हीसमोरच थबकले.

‘हा कोण रे?’

‘कुणी नाही आप्पा. शत्रू आहे.’

‘टोपी माझी दिसते.’ ते खुर्ची ओढून बसले. ‘पण हा असा काय पळतो? मी असा पळतो?’

मी कसाबसा समजावत होतो की बेसिकमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमच्या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत, यापेक्षा वेगाने कुणीच पळत नाही, तेवढ्यात पडदा काळा झाला. आप्पा उठून चौकात गेले आणि ओरडले, ‘मोटर कुणी लावली?’ काकूंनी, आप्पांच्याच सांगण्यावरून. दुसऱ्या दिवसापासून मोटर पहाटे लागू लागली.

वेग हवा तर मशीन कोड. स्पेक्ट्रममधली झेड-८० चिप सेकंदाला पस्तीस लाख ठोके टाकते, पण तिच्याशी तिच्याच आकड्यांत बोलावं लागतं. एकेक आज्ञा कोष्टकात बघून वहीत आकडा मांडायचा आणि मेमरीत कोंबायचा. २०१ म्हणजे ‘परत फिर’. तो घालायचा राहिला तर चिप पुढच्या कचऱ्यालाच आज्ञा समजून चालत सुटते. आप्पा रोज भाड्याच्या निमित्ताने चौकशीला येत. भाडं महिन्याला होतं.

अखेर आप्पा पळाले. असे पळाले, की मुलगा झाडाखाली येऊन वर बघायच्या आत पकडला जाई. एकही कैरी हाती लागेना. मी म्हटलं, आप्पा, थोडा वेग कमी करतो. त्यांनी चष्मा पुसून आणखी दोन-चार डाव बघितले.

‘हात लावू नकोस,’ ते म्हणाले. ‘वाड्यातल्या सगळ्या पोरांना बोलावून दाखव.’