शंभर टक्के उगवणीची हमी

मी बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे ही बातमी कॉलनीत कुणी फोडली, ते अजून कळलेलं नाही. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि उभी हयात बँकेत पीककर्जं वाटण्यात गेली. मातीशी संबंध आला तो सातबारा उताऱ्यावर. पण लोकांना एवढं पुरतं. वळीव पडून गेला की सांगलीच्या विश्रामबागेतली आमची निम्मी कॉलनी हातात कॅटलॉग नाहीतर मोबाईल घेऊन माझ्या फाटकाशी हजर. प्रश्न सगळ्यांचा एकच: "साहेब, ह्ये खरं हाय का?"

पूर्वी हे कॅटलॉग बुकपोस्टानं यायचे. पिवळट कागद, मधली चार पानं रंगीत, आणि मागवलेलं बी व्ही.पी.पी.नं. पोस्टमन पाकीट धरून पैशांसाठी दारात उभा राहायचा, तेवढ्या वेळात तरी माणूस विचार करायचा. आता नुसतं बोट लागलं की ऑर्डर जाते. आणि शेजारच्या आप्पांचं बोट सारखं लागतं.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडलं, आता आपल्या गच्चीवर चार झाडं असावीत, ही त्यांची इच्छा रास्तच आहे. पण मेथी-कोथिंबीर त्यांना चालत नाही. सांगलीत कुणाकडं नाही ते पाहिजे. परवा सकाळी फिरून येताना त्यांनी मला गाठलं आणि निळ्या स्ट्रॉबेरीचा फोटो नाकासमोर धरला. स्ट्रॉबेरी खरोखरच निळीशार होती. पानंही जरा निळसर होती. आणि स्ट्रॉबेरी धरलेल्या बाईची नखंसुद्धा.

"आप्पा, या बाईला आधी दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"नेलपॉलिश असंल की ओ!"

आता साताऱ्याहून घाट चढला की महाबळेश्वर. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. एवढा स्ट्रॉबेरीत मुरलेला शेतकरी, पण तो बी पेरत बसत नाही. मातृरोपाला जे धावते फुटवे येतात त्यांच्यावरची रोपं लावतो, कारण बियांपासून केलेलं प्रत्येक झाड स्वतःच्याच मर्जीचं निघतं. हे सगळं मी आप्पांना रस्त्यात उभं राहून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग निळा गुलाब मागवू का?"

निळा गुलाब हा वेगळाच आजार आहे. गुलाबात निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचा जनुक त्यात घालून वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठं २००९ साली 'निळा' गुलाब बाजारात आला, आणि तोही आपल्याकडच्या कुठल्याही साडीच्या दुकानात 'फिका जांभळा' म्हणूनच विकला गेला असता. शिवाय गुलाबाची जात टिकवायची तर डोळा भरायला लागतो, म्हणजे तिचा डोळा काढून दुसऱ्या गुलाबाच्या खोडात बसवायला लागतो, बी पेरून ती मिळत नाही. एवढं असूनही कॅटलॉगात निळ्या गुलाबाचं बी ९९ रुपयांना, वर काळ्या गुलाबाचं पाकीट फुकट.

मी नको म्हणेपर्यंत ऑर्डर गेली होती. यथावकाश पाकीट आलं आणि तपासणीला माझ्याच ओट्यावर आलं. झिपची बारकी पिशवी, तिच्यावर बॉलपेननं 'ब्लू रोज'. लॉट नंबर नाही, उगवण चाचणीची तारीख नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. आत काळं, बारीक, तिळाहून लहान बी. गुलाबाचं बी तपकिरी आणि चांगलं कोनेदार असतं. मी वाटीभर पाणी मागवलं आणि त्यात चिमूटभर सोडलं. बोलता बोलता एकेका दाण्याभोवती पांढुरकं, बुळबुळीत कवच फुगायला लागलं. काकू चहा घेऊन आल्या, वाटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, सब्जा! फालुदा करताय व्हय?"

आप्पा वाटीकडं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "सब्जाला फुलं कसली येत्यात?"

"पांढरी. कधी कधी फिकट जांभळट."

"म्हंजे जपान्यांच्या जवळपास आलो की!"

या माणसाचा पराभव करणं कुठल्याही कृषी विद्यापीठाला शक्य नाही.

एरवी 'शंभर टक्के उगवण' हे शब्द दिसले की मी पुढं वाचतच नाही. आपल्याकडं १९६६ चा बियाणे कायदा आहे आणि त्याखाली पिकापिकाची किमान उगवण ठरवून दिलेली आहे. मिरचीला ६० टक्के, भेंडीला ६५, टोमॅटोला ७०. साक्षात सरकार मिरचीकडून साठाची अपेक्षा ठेवतं. चांगली कंपनी पाकिटावर हाच किंवा याहून थोडा बरा आकडा छापते, चाचणीची तारीख आणि मुदत छापते, आणि हे सगळं इतक्या बारीक अक्षरांत असतं की ते खरं असणार याची खात्री पटते. खोट्याला टाईप मोठा लागतो. पिशवीवरच्या टॅगचं तसंच. पायाभूत बियाण्याला पांढरा टॅग, प्रमाणित बियाण्याला निळा. निळं काही हवंच असेल तर हा टॅग मागवा, असं मी आप्पांना सुचवून पाहिलं. त्यांना ते लागलं.

कॅटलॉगातलं वर्णन मी स्थळाच्या माहितीपत्रकासारखं वाचतो, म्हणजे काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहायचं टाळलंय ते बघतो. 'जोमदार वाढ' असं वेलाबद्दल लिहिलेलं असलं की तो आधी तुमची गच्ची घेणार, मग केबलची वायर, मग शेजाऱ्याचा कूलर. 'कमी देखभाल' म्हणजे त्याला तुम्ही काही केलं काय, न केलं काय, तो स्वतःच्या मनानं मरतो. 'बारमाही फळे' लिहिलंय, पण किती फळे ते कुठंच नाही. वर्षातून एक लिंबू आषाढात आणि एक माघात आलं तरी झाड बारमाहीच.

आणि तो मियाझाकी आंबा! 'किलोला पावणेतीन लाख' असं लिहून खाली रोप साडेचारशेला. मियाझाकी हे जपानमधल्या परगण्याचं नाव. झाडावरची जात इर्विन, मूळची अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. त्यात जे फळ ३५० ग्रॅमच्या वर भरतं आणि ज्याच्यात साखर १५ टक्क्यांच्या वर असते, त्यालाच तिथं 'सूर्याचं अंडं' हे नाव लावून लिलावात बसवतात. प्रत्येक फळाला जाळी बांधतात, आणि ते पिकून आपोआप जाळीत पडेपर्यंत थांबतात. तो भाव त्या उस्तवारीचा. कॉलनीतले एक निवृत्त मास्तर रोप घेऊन आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला कुलूप घातलं. कुंपणाला नव्हे, झाडालाच, सायकलची साखळी.

धाडसात मात्र पहिला नंबर ज्याचा, त्या कॅटलॉगाचं नाव मी घेत नाही. त्यात सांगलीची अस्सल हळद होती. बियांचं पाकीट, आत ५० बिया. आणि ते पाकीट सांगलीत पोचलं! २०१८ साली आमच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, कसबे डिग्रजला हळदीवर संशोधन चालतं, हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत ती साठवायचे. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की हळद लावतात ती गड्ड्यांनी, बेण्यानं. पाकिटात काय होतं ते मी उघडून पाहिलं नाही. काही गोष्टींचं कुतूहल वयोमानानं आवरतं.

माझी कसोटी साधी आहे. 'हे आमच्याकडे नाही' किंवा 'हे तुमच्याकडे येणार नाही' असं एक तरी वाक्य ज्या कॅटलॉगात सापडेल, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. अमेरिकेत बर्पी म्हणून बियाण्यांची जुनी कंपनी आहे, तिचा कॅटलॉग टपालानं घरोघर जायचा. झेंडूत पिवळा, केशरी सगळं होतं, शुभ्र पांढरा नव्हता. फोटोला चुना फासून विकता आला असता. त्यांनी १९५४ साली जाहीर केलं की शुभ्र झेंडूचं बी जो आणून देईल त्याला १०,००० डॉलर. लोक परसातलं बी पाठवत राहिले, आणि १९७५ साली आयोवातल्या अ‍ॅलिस व्होंक नावाच्या बाईंनी ते बक्षीस नेलं. एवढी वर्षं 'नाही' म्हणत थांबलेल्या दुकानदाराकडून मी डोळे झाकून बी घेईन. तसं जवळ बघायचं तर हरिपूरकडून भाजी घेऊन येणारी एक आजी आहे. कृष्णाकाठच्या वांग्याचं बी पदराच्या गाठीतून काढून देते आणि म्हणते, "लाव जा. आली तर आली." आमच्याकडं दरवेळी येतात. आप्पा तिच्याकडून घेत नाहीत. फोटो नाही म्हणून.

पंचाईत होते ती कॅटलॉग खरं बोलतो तेव्हा. 'प्रत्येक झाडाला फळ' हे वाचून मी पपईचं पानही उलटणार होतो. पण ती तैवानची रेड लेडी होती आणि तिच्यात नुसतं नर झाड निघत नाही, त्यामुळं दावा सोळा आणे खरा. गेल्या आठवड्यात त्याहून बिकट प्रसंग आला. आप्पांनी मोबाईल पुढं केला: सफरचंद. उन्हाळ्यात चाळीस डिग्रीला टेकणाऱ्या गावात.

"ह्ये तर सरळ खोटं," आता ते माझ्याआधीच निकाल देतात.

"नाही आप्पा. हे खरं आहे." हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी ही जात शोधली, एचआरएमएन-९९, हिला इतर सफरचंदांइतकी थंडी लागत नाही, सपाटीवरच्या उष्ण मुलखातही फळ धरतं, शर्मांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, सगळं मी तपशीलवार सांगितलं. फक्त कलम खात्रीच्या रोपवाटिकेतून आणा म्हटलं.

आप्पांनी मोबाईल खिशात टाकला. माझ्याकडं जरा काळजीनंच पाहिलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुमाला बी कुणीतरी गंडवलंय बघा."